शिक्षा भोगल्यानंतर

न्यायालयाने दिलेली शिक्षा भोगून मनुष्य तुरुंगाबाहेर पडला की समाजाचे देणे फिटले, असे सामान्यतः समजले जाते. ऑस्ट्रेलियात परकीय नागरिकाच्या वाट्याला हे समाधान येत नाही. तेथील 1958 च्या स्थलांतर कायद्याचे 501 वे कलम त्याची वाट अडवून उभे असते. ज्याला 12 महिने वा अधिक कारावास झाला तो चारित्र्याच्या कसोटीस उतरत नाही, असे हे कलम मानते. मग त्याला व्हिसा नाकारता येतो, हाती असलेला रद्दही करता येतो. ही दुसरी शिक्षा नव्हे, असा निर्वाळा तेथील सर्वोच्च न्यायपीठाने 2018 साली व्हिसा रद्द करण्याच्या एका प्रकरणात दिला. कायद्याच्या दृष्टीने तो भेद खरा असेल. मुलाबाळांपासून तुटणाऱ्याला तो उमगणे कठीण.

‘तात्पुरता व्हिसा’ या शब्दांनीही फसू नये. न्यूझीलंडच्या नागरिकांना 1994 पासून तेथे मिळणारा विशेष व्हिसा कायद्याने तात्पुरताच आहे, पण त्याच्या आधारे माणसे तेथे लहानाची मोठी होतात, संसार थाटतात. महाराष्ट्रातून शिकावयास वा नोकरीस गेलेल्या तरुणांचे तेथील वास्तव्यही बहुधा अशाच मुदतीच्या व्हिसावर सुरू होते.

अधिकाऱ्याने प्रतिकूल निर्णय दिल्यास दाद मागण्याची जागा म्हणजे प्रशासकीय न्यायाधिकरण. 1976 साली सुरू झालेल्या जुन्या न्यायाधिकरणाची जागा ऑक्टोबर 2024 मध्ये नव्याने घेतली. मूळ कल्पना उदात्त होती. अधिकाऱ्याने चूक केली काय, एवढेच पाहून न थांबता समोरच्या पुराव्यावरून योग्य निर्णय कोणता, हे न्यायाधिकरणाने स्वतः ठरवावे, असे 1979 साली हद्दपारीच्याच एका खटल्यात संघीय न्यायालयाने सांगितले.

प्रत्यक्षात मात्र ही वाट फार अरुंद आहे. देशात असलेल्या अर्जदाराला निर्णय कळल्यापासून अवघ्या 9 दिवसांत अर्ज करावा लागतो, आणि तो पुष्कळदा स्थानबद्धतेतून. त्याच्या बाजूची साक्ष सुनावणीच्या निदान दोन कामकाजी दिवस आधी लेखी दिलेली नसेल, तर ती तोंडी ऐकताही येत नाही. सर्वांत विलक्षण तरतूद 84 दिवसांची. तेवढ्या अवधीत न्यायाधिकरणाने निकाल दिला नाही, तर सरकारचा निर्णय कायम झाला असे कायदाच समजतो. विलंब न्यायाधिकरणाचा, भुर्दंड अर्जदाराला!

सरकारची बाजू निराधार नाही. अर्जदाराच्या देशाशी असलेल्या संबंधांना प्राधान्य देणाऱ्या 2023 च्या निदेशानंतर गंभीर गुन्ह्यांतील काहींचे व्हिसा न्यायाधिकरणाने परत दिले, तेव्हा 2024 मध्ये मोठा गदारोळ झाला. ज्यांच्यावर अत्याचार झाले त्यांचा संताप रास्तच होता. त्यानंतर जून 2024 मध्ये सरकारने निदेश बदलून समाजाच्या संरक्षणाला सर्वांत अधिक वजन दिले. धोरण ठरवण्याचा हा अधिकार लोकनियुक्त सरकारचा आहे, यात वाद नसावा.

परंतु धोरण सांगणे निराळे आणि एकेका माणसाचा निकाल आपल्या मुठीत ठेवणे निराळे. अधिकाऱ्याऐवजी मंत्र्याने स्वतः निर्णय घेतला, तर न्यायाधिकरणाकडे जाताच येत नाही. तेथे जिंकलेल्या माणसाचा निकालही राष्ट्रहिताच्या नावाने, त्याचे म्हणणे ऐकून न घेता, मंत्र्याला फिरवता येतो. उरते ते न्यायालय. पण ते निर्णय कायदेशीर होता काय एवढेच पाहते. हा माणूस सुधारला आहे काय, हा प्रश्न विचारण्याचे त्याचे काम नव्हे.