मुदतपूर्व प्रसूती : गाव सोडण्यापूर्वीची दक्षता

भातकापणी आटोपली आणि दिवाळी सरली की कर्जत व खालापूर तालुक्यांतील अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांकडे निघतात. परततात ती पावसाच्या तोंडावर. त्यांत गरोदर स्त्रियाही असतात. अवजड काम, अपुरा आहार आणि ओळखीची परिचारिका दूर, अशा स्थितीत मुदतपूर्व प्रसूतीचा धोका वाढतो. त्याविरुद्धची तरतूद मात्र गाव सोडण्यापूर्वीच करता येते.

गरोदरपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी होणारी प्रसूती मुदतपूर्व होय. २०२० मध्ये जगात सुमारे १ कोटी ३४ लक्ष बालके अशी जन्मली. त्यांपैकी सुमारे ३० लक्ष भारतातील होती. अशा बालकाची फुप्फुसे अपरिपक्व असू शकतात, त्याच्या अंगात ऊब टिकत नाही आणि दूध ओढण्याची शक्तीही कमी असते.

कारण प्रत्येक वेळी सापडतेच असे नाही. तथापि पूर्वीची मुदतपूर्व प्रसूती, जुळे, उच्च रक्तदाब, कोवळ्या वयातील मातृत्व, दोन बाळंतपणांतील अपुरे अंतर, रक्तक्षय, हिवताप, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, अतिश्रम आणि तंबाखू-मिशेरीचे व्यसन यांमुळे जोखीम वाढते. यांतील बहुतेक बाबी टाळता येतात किंवा उपचारांनी आटोक्यात आणता येतात. त्यासाठी पहिल्या १२ आठवड्यांत नोंदणी, रक्त, लघवी व रक्तदाबाची तपासणी आणि किमान १८० दिवस लोहयुक्त गोळ्या आवश्यक आहेत. २०१६ पासून दरमहा ९ तारखेस शासकीय आरोग्य संस्थांत गरोदर मातांची विशेष तपासणी विनामूल्य होते.

दिवस भरण्यापूर्वी पोटात किंवा कमरेत थांबून थांबून कळा येणे, पाणमोट फुटणे, रक्तस्राव होणे ही धोक्याची चिन्हे होत. ती दिसताच १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. चौतीस आठवड्यांच्या आत प्रसूतीची चिन्हे दिसल्यास वैद्यकीय देखरेखीखाली मातेस दिलेल्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने बाळाची फुप्फुसे लवकर परिपक्व होण्यास मदत होते. म्हणून वाट पाहण्यात घालविलेला वेळ बाळाच्या जिवावर बेतू शकतो. जन्मानंतर आईच्या उघड्या छातीशी बाळास धरून ठेवणे हा ऊब देण्याचा उत्तम उपाय होय.

स्थलांतरापूर्वी ग्रामपंचायत सदस्यांनी आशा कार्यकर्तीसमवेत वाडीतील गरोदर स्त्रियांची यादी करावी, प्रत्येकीजवळ माता-बाल संरक्षण कार्ड व गोळ्या असल्याची खात्री करावी आणि भट्टीचे ठिकाण तेथील आरोग्य केंद्रास कळवावे. शिक्षकांचाही यात मोठा वाटा आहे. आईवडील भट्टीवर गेले तरी जी मुलगी शाळेत टिकते, तिचा बालविवाह व त्यापाठोपाठ येणारे कोवळ्या वयातील बाळंतपण टळण्याची शक्यता वाढते.