जाळी वाळत, घर बाहेर: बंदीच्या दोन महिन्यांतल्या आपल्या छोट्या सहली

मंडळी, 16 जून ते 15 ऑगस्ट आपल्या मध्यप्रदेशात नदीतली मासेमारी बंद. माशांचे अंडी घालायचे दिवस. नियम मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे, म्हणून आज त्यावर जास्त लिहीत नाही. आज बोलायचंय ते घराबद्दल.

एरवी आपल्या घरांत काय चालतं? पोरं उठायच्या आत बाप पाण्यावर गेलेला असतो. आई टोपलं घेऊन बाजाराला निघते. बाप परत येतो तेव्हा पोरं शाळेत, आणि पोरं येतात तेव्हा तो झोपलेला. आठवड्याचा बाजार असला तर तोही दिवस गेला. दहा महिने एकाच घरात राहून माणसं एकमेकांना धड भेटत नाहीत. बंदीचे दोन महिने तेवढे असे, की सगळे एका ताटाभोवती बसतात.

हे दोन महिने पैशाच्या ताणाचे असतात, खोटं कशाला बोला. पण ताण आहे म्हणून घरात कुढत बसायचं, पत्ते कुटायचे, नाहीतर उधारी वाढवायची, यातून काय मिळतं? आपले जुने लोक गरीबच होते. तरी ते या दिवसांत एक तरी गाव फिरून यायचे, आणि तेही घरच्या भाकरीवर.

तुकईथडची गाडी

चाळिशीच्या पुढच्या माणसांना विचारा, लहानपणची सहल म्हटलं की ते आधी तुकईथड स्टेशनचं नाव घेतील. अकोला-खंडवा मीटरगेज लाईन. एका बाजूला खंडवा, दुसऱ्या बाजूला मेळघाटातून डाबका, धूळघाट, वान रोड, हिवरखेड करत अकोट आणि अकोला. रस्ता खराब, जीप क्वचित, म्हणून लग्न, देवदर्शन, दवाखाना, सगळं याच गाडीनं.

धूळघाटला लाईन डोंगरात गोल फिरून स्वतःच्याच डोक्यावरून जायची. तिथं डब्यातली सगळी पोरं खिडकीला. "खाली बघ, आत्ता तिथून आलो ना आपण!" असं एकमेकांना सांगायची. आया मागून सदरा धरून ठेवायच्या. दशम्या, ठेचा, कांदा आणि पाण्याची कळशी, एवढ्यात सहल व्हायची.

खंडव्याकडे निघालं तर पुढं ओंकारेश्वर. ओंकारेश्वर रोडला उतरायचं, नर्मदेत बुडी मारायची आणि परत. आपल्यातले म्हातारे तिथं गेले तरी आधी डोंगे बघायचे, जाळ्याचा आस बघायचे, मग देवळात जायचे. तापीच्या माणसाला नर्मदेचं पाणी बघायची हौस असतेच!

मेळघाटच्या जंगलातून जाणारी ही गाडी 2017 च्या सुमारास ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. वाघांच्या जंगलातून मोठी लाईन न्यायची की बाहेरून, यावर बरीच वर्षं वाद चालला. अकोला ते अकोट ब्रॉडगेज गाडी नोव्हेंबर 2022 मध्ये सुरू झाली. पण जंगलातला तो जुना प्रवास आता आपल्या पोरांना दाखवता येणार नाही. तो सांगावाच लागेल. म्हणून या पावसात घरातल्या आजी-आजोबांना जवळ बसवा आणि गाडीच्या गोष्टी काढून घ्या.

एका दिवसात कुठं जाता येईल

शाळा सुरू झालेल्या असतात, त्यामुळे रविवार धरायचा. सकाळी निघून रात्री घरी.

बऱ्हाणपूर. आपण माल घेऊन कितीदा जातो, पण मालाच्या घाईत गाव बघतो कुठं? तापीकाठचा शाही किल्ला पोरांना दाखवा. मुमताज महल 1631 मध्ये बऱ्हाणपुरातच वारली. ताजमहालात नेण्याआधी तिला नदीपलीकडे जैनाबादच्या आहूखान्यात ठेवलं होतं. पुस्तकातला ताजमहाल आपल्या तापीच्या काठापासून सुरू होतो हे कळलं की पोरांचे डोळे मोठे होतात.

कुंडी भंडारा तर आपल्या धंद्याच्या माणसानं बघायलाच पाहिजे. 1615 च्या सुमाराचं हे काम. सातपुड्याच्या पायथ्याला जमिनीत मुरणारं पाणी भुयारात गोळा केलं, वर शंभराहून जास्त कुंड्या खोदल्या आणि नुसत्या उतारावर पाणी शहरापर्यंत आणलं. मोटर नाही, पंप नाही. पाण्याचा उतार ओळखणारे आपण लोक, आपल्याला त्याची किंमत लवकर कळते. येताना मावा जिलेबी आणि दराबा, हे सांगायला नको.

आशीरगड. पावसात हिरवागार असतो. अकबरानं हा किल्ला 1601 मध्ये घेतला. चढण आहे, पायऱ्या निसरड्या होतात, म्हाताऱ्यांना जपून न्या.

चांगदेव आणि मुक्ताईनगर. मुक्ताबाईचं दर्शन होतं, आणि चांगदेवला आपली तापी आणि पूर्णा एकमेकींना भेटतात. पूर्णेचं पाणी मिळून पुढं तापी केवढी होते ते पोरांनी काठावर उभं राहून बघावं.

मुलताई. ही मात्र मुक्कामाची वारी. तापीचा उगम तिथला. इथं डोंगा घालतो ती नदी तिथं एका तळ्यापासून निघते, आणि 724 किलोमीटर जाऊन सुरतेजवळ समुद्राला मिळते. तापी जयंती आषाढ शुद्ध सप्तमीला, म्हणजे बहुतेक वर्षी बंदीतच येते. मुलताईला जाणं झालं नाही तरी त्या दिवशी आपल्याच घाटावर सगळं घर घेऊन जा, दिवा सोडा. कोकणातले कोळी बांधव चैत्रात कार्ल्याच्या एकवीरेला सहकुटुंब जातात. आपल्यालाही वर्षाचा एक दिवस ठरलेला असावा.

पैशाचं काय

उधार काढून सहल करू नका, ही कळकळीची विनंती. 16 ऑगस्ट ते 15 जून या दहा महिन्यांत साधारण 43 आठवडे येतात. बाजाराच्या दिवशी 50 रुपये डब्यात टाकले तर बंदी लागेपर्यंत 2,150 रुपये होतात. एका घराची बसने बऱ्हाणपूरची सहल त्यात निघते. डबा बाईमाणसाच्या हातात ठेवा, म्हणजे तो टिकतो.

बचत-सह-राहत योजनेत नाव असलेल्यांनी एक लक्षात ठेवावं. मच्छीमाराचे 1,500 आणि केंद्र-राज्याचे 3,000, असे 4,500 रुपये बंदीच्या काळासाठी मिळतात. ते किराण्याचे पैसे. त्याला सहलीसाठी हात लावू नका. ज्यांचं नाव नाही त्यांनी कागद घेऊन संस्थेत यावं.

दोन गोष्टी सांभाळा

पुराच्या पाण्यात डोंगा काढून पाहुण्यांना फिरवू नका. आपल्याला पोहता येतं, पाहुण्यांच्या पोरांना येत नाही. घाटावर फोटो काढताना पाण्याकडे पाठ करून उभं राहू नका. वर पाऊस झाला की तापी किती झटक्यात चढते ते आपल्याइतकं कोणाला माहीत?

आणि बायांना खरंच सुट्टी द्या. सहलीच्या दिवशी पहाटे चारला उठून वीस माणसांच्या दशम्या एकटीनं केल्या तर तिची कसली सहल? कणीक मळायला, कांदा चिरायला पुरुषांनी बसावं. जाळं विणणाऱ्या हाताला भाकरी थापणं जड नाही.

कोणाकडे तुकईथड स्टेशनचा, मीटरगेज गाडीचा किंवा घरच्या जुन्या सहलीचा फोटो असेल तर संस्थेत आणून द्या. पेजवर टाकू आणि मूळ फोटो जसाच्या तसा परत करू. जाळी वाळली की दुरुस्तीला काढा, डोंग्याला डांबर लावून घ्या. 16 ऑगस्टला पाण्यावर भेटूच. त्याआधी एक रविवार घरच्यांचा.