जागा सांगायची कशी? टेक्स्ट विजेटमधले पत्ते आणि नावं

आजचा विषय वरवर पाहता प्रोग्रामरांचा आहे, पण प्रश्न जुना आहे: जी गोष्ट सतत बदलते, तिच्यातली एखादी जागा सांगायची कशी?

पायथनमध्ये टीकिंटर वापरून खिडकी बनवली, की मजकूर लिहायला टेक्स्ट नावाचं विजेट मिळतं. त्यातली जागा ‘१.०’ अशी सांगतात. प्रोग्राममध्ये आकडे अर्थातच इंग्रजी. टिंबाआधी ओळ, टिंबानंतर अक्षर. ओळी १ पासून मोजतात, कारण युनिक्सच्या इतर प्रोग्राममध्ये तशीच पद्धत होती. अक्षरं मात्र ० पासून. आणि हा दशांश अपूर्णांक नव्हे बरं का! गणितात १.१० हे १.९ पेक्षा लहान, इथे १.१० ही जागा १.९ च्या पुढे आहे. म्हणून दोन जागांची तुलना विजेटच्या कम्पेअर या मेथडनेच करावी.

आता एक ओळ घ्या: ‘कमल घर बघ’. मोकळ्या जागाही मोजा. ‘घर’ सुरू होतं १.४ ला. ओळीच्या सुरुवातीला ‘आज’ आणि एक मोकळी जागा घातली, की १.४ वर काय येतं? ‘कमल’मधला ‘म’. पत्ता तोच, राहणारा बदलला! तत्त्वज्ञानात आपण वर्णन आणि नाव यांत भेद करतो. सॉल क्रिपकी यांनी १९७० साली प्रिन्स्टनला दिलेल्या व्याख्यानांत तो बारकाईने मांडला. ‘रांगेतला पाचवा’ हे वर्णन; रांग हलली की माणूस बदलतो. नाव माणसाबरोबर जातं.

टेक्स्ट विजेटमध्ये जागेला नाव देता येतं. त्याला मार्क म्हणतात. ‘घर’च्या आधी मार्क ठेवला असता, तर ‘आज’ आल्यावर तो आपोआप १.७ ला गेला असता. मार्क दोन अक्षरांमधल्या फटीत असतो, त्यामुळे शेजारची अक्षरं पुसली तरी तो टिकतो. कर्सरसुद्धा ‘इन्सर्ट’ नावाचा मार्कच. आता नेमका त्या फटीतच मजकूर घातला तर? ते ग्रॅव्हिटी ठरवते. एरवी ती उजवी असते, म्हणून टाइप करताना कर्सर पुढे सरकतो. मार्क जागीच राहायला हवा असेल तर ती डावी करायची.

‘एंड’ या शब्दाकडेही नीट बघा. विजेट मजकुराच्या शेवटी स्वतःहून एक नवी ओळ ठेवतं आणि ‘एंड’ म्हणजे तिच्याही पलीकडे. १.० पासून एंडपर्यंत मजकूर घेऊन फाइलमध्ये ठेवला, की दर वेळी एक रिकामी ओळ वाढते. त्यासाठी ‘एंड वजा एक अक्षर’ असं सांगायचं.

शेवटी आपल्या मराठीचं. ‘क्षितिज’मध्ये आपण तीन अक्षरं मोजतो, विजेट सात मोजतं, कारण हलन्त आणि वेलांट्या युनिकोडमध्ये वेगळ्या. पहिली तीन पुसा म्हटलं, तर ‘क्षि’ची वेलांटी एकटीच लोंबकळत राहते. तेव्हा मराठी मजकुरावर काम करणाऱ्याने आधी एवढं ठरवावं: आपण मोजतोय ते नेमकं काय? आणि जी जागा पुन्हा लागणार आहे, तिला मार्क लावून ठेवावा.