डायलिसिस मोफत, मग कर्ज कशाचं?

"सिस्टर, मशीनला पैसे लागत नाहीत म्हणतात, मग आमच्या डोक्यावर कर्ज कसं झालं?" वस्तीतल्या एका वहिनींनी आम्हाला विचारलं. त्यांचे पती रंगकाम करायचे. दोन्ही किडन्या निकामी झाल्या, सरकारी योजनेतून डायलिसिस सुरू झालं. आम्ही वही घेऊन त्यांच्याशेजारी बसलो आणि हिशोब मांडला.

किडनी रात्रंदिवस रक्त गाळत असते. तेच काम मशीन चार तासांत करतं, आणि ते आठवड्यातून तीनदा करावं लागतं. एका वेळेला साधारण 120 लिटर शुद्ध केलेलं पाणी जातं, म्हणजे आपल्या नळावरचे आठ-दहा हंडे. शिवाय गाळणी, नळ्या, वीज, टेक्निशियन. म्हणून हा उपचार जगात सगळीकडेच महाग आहे आणि गरीब देशांची सरकारं त्याला हात लावायला कचरतात.

आपल्याकडे केंद्र सरकारने 2016 च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. तेव्हाच्या भाषणात आकडे होते: देशात दरवर्षी 2.2 लाख नवे रुग्ण, डायलिसिस केंद्रं सुमारे 4,950, तीही बहुतेक खाजगी आणि मोठ्या शहरांत. एका वेळेचा खर्च 2,000 रुपये, वर्षाचा 3 लाखांवर. हे गणित करून पाहा. आठवड्याला तीन धरले तर वर्षाचे 156 होतात, आणि 156 गुणिले 2,000 म्हणजे 3 लाख 12 हजार. सरकारने स्वतः तीनच धरले होते. प्रत्यक्षात आपल्या बहुतेक रुग्णांना दोनच मिळतात. वहिनींच्या पतींनाही मंगळवार आणि शुक्रवार.

तिसरं कुठे जातं? एक मशीन दिवसाला तीन पाळ्या आणि आठवड्याला सहा दिवस चाललं तर 18 जागा होतात. तीनदा द्यायचं तर सहा रुग्ण बसतात, दोनदा दिलं तर नऊ. बाहेर रांग असली की केंद्र नऊ घेतं. आम्ही वॉर्डात नोकरी केली आहे. समोर उभ्या माणसाला परत पाठवणं सोपं नसतं, म्हणून केंद्रातल्या बहिणींना आम्ही दोष देत नाही. पण दोनवर राहिलेल्या माणसाच्या अंगात पाणी साठतं, रात्री धाप लागते, मग इमर्जन्सीत धावावं लागतं, आणि तिथे घरचे पैसे जातात.

बाकीचं कर्ज मशीनच्या बाहेरचं. हातावर फिस्टुला करायचं ऑपरेशन, रक्त वाढवायची इंजेक्शनं, दर महिन्याच्या तपासण्या. यातलं काही योजनेत बसतं, काही बाहेरून आणायला लावतात. एसटीत डायलिसिसच्या रुग्णाला सवलत आहे, ते ओळखपत्र जरूर काढा. पण मशीनवरून उठलेला माणूस गळून गेलेला असतो, त्याला रिक्षाच लागते. त्यात दोघांची मजुरी बुडते, कारण सोबतीला वहिनी जातात. वहीत सगळ्यात मोठा आकडा हाच निघाला. टीबीच्या रुग्णाच्या खात्यात सरकार पोषणासाठी पैसे जमा करतं. मग डायलिसिसच्या रुग्णाला भाडं आणि बुडालेली मजुरी का नको? ही मागणी आपणच लावून धरली पाहिजे.

थायलंडने वेगळी वाट धरली होती. 2002 च्या त्यांच्या सर्वांसाठीच्या आरोग्य योजनेत डायलिसिस नव्हतं, कारण परवडणार नाही असं म्हटलं गेलं. 2008 मध्ये ते घेतलं, पण अट घातली: आधी घरचं, म्हणजे पोटाचं डायलिसिस. औषधी पाण्याच्या पिशव्या घरपोच पाठवल्या. खेड्यातला माणूस शहराच्या फेऱ्यांतून सुटला. मात्र वैद्यकीय कारण नसताना मशीन हवं असेल तर स्वतःचे पैसे. 2022 मध्ये ही सक्ती उठवली आणि निवड रुग्णावर सोपवली.

आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमातही 2019 पासून पोटाचं डायलिसिस आहे. मजुरी वाचते, हे खरं. पण दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे चूल आणि अंथरूण एकाच जागी, तिथे दिवसातून तीन-चार वेळा पिशवी बदलायची आणि महिन्याच्या शंभरावर पिशव्या ठेवायच्या कुठे? हात अस्वच्छ राहिला तर पोटात जंतू जातात. आम्हाला वाटतं, समाजमंदिराची एखादी खोली पांढरी करून, दाराला कुलूप लावून यासाठी देता येईल. विहार समितीने आधी रुग्णालयातल्या नर्सला बोलावून जागा दाखवावी.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. पॅकेजमध्ये कोणती औषधं आहेत ते त्यांच्याकडून लिहून घ्या. बाहेरून आणलेल्या प्रत्येक औषधाचं बिल जपा. तिसऱ्या डायलिसिससाठी डॉक्टरांची चिठ्ठी मागा, नुसतं तोंडी बोलून चालत नाही.

वही मिटताना वहिनींचा मोठा मुलगा कामावरून आला. तोही रंगकाम करतो. सहज म्हणून त्याचा बीपी पाहिला: 160 वर 100. अंगदुखीसाठी रोज एक गोळी घेतो, मेडिकलवाल्याकडून, दोन वर्षं. "मला काही होत नाही," म्हणाला. वडीलही असंच म्हणायचे, असं वहिनी हळूच बोलल्या. गोळी बंद करायला सांगितली आणि सोमवारी लघवीतलं प्रोटीन आणि क्रिएटिनिन तपासायला त्याला घेऊन जाणार आहोत.