बरा होणार नाही, पण सुखात राहील!

बंगळूरच्या मारतहळ्ळीत नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबंही राहतात. फ्लॅटमध्ये नवरा-बायको, एखादं मूल आणि लाडका कुत्रा. हा घरचा सभासद दहा-बारा वर्षांचा होतो आणि एक दिवस पाठीवरून हात फिरवताना गाठ लागते. तपासणीत कॅन्सर निघतो, तोही पसरलेला. 'आता काय उपयोग?' म्हणून घरचे हात टेकतात. पण रोग हटत नसला, तरी त्याचा त्रास कमी करता येतो. यालाच उपशामक उपचार म्हणतात.

आधी निदान पक्कं करा

प्रत्येक गाठ जीवघेणी नसते. मोकाट कुत्र्यांत आढळणारा जननेंद्रियांचा संसर्गजन्य ट्यूमर व्हिन्क्रिस्टीनच्या आठवड्याला एक अशा काही इंजेक्शनांनी बहुधा पूर्ण बरा होतो. म्हणून गाठीचा तुकडा तपासून घ्याच. मारतहळ्ळीकरांना रिंग रोडने हेब्बाळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठता येतं.

मुकं दुखणं

कुत्रा दुखणं बोलून दाखवत नाही. जिना टाळणं, रात्री धापा टाकणं, एकच जागा चाटत राहणं, कोपरा धरून बसणं, ही त्याची भाषा. मेलॉक्सिकॅम किंवा गॅबापेन्टिनसारखी औषधं डॉक्टर त्याच्या वजनानुसार ठरवतात. आपल्या कपाटातली आयबुप्रोफेन मात्र कधीही देऊ नका. तिने पोटात अल्सर होतो, मूत्रपिंडं निकामी होतात.

गुळगुळीत फरशीवर न सरकणारी सतरंजी अंथरा. कोमट अन्न थोडं थोडं द्या. हा कॅन्सर माणसाला लागत नाही, तेव्हा मुलांना त्याच्यापासून तोडू नका. केमोथेरपी चालू असेल, तर त्याची लघवी-शी हातमोजे घालूनच साफ करा.

कधी थांबायचं?

सर्वांत अवघड प्रश्न हाच. अमेरिकन पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबॉस यांनी २००४ मध्ये एक मोजपट्टी मांडली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात बाबींना प्रत्येकी १० पैकी गुण द्यायचे. वेदना जितकी आटोक्यात, तितके गुण जास्त. बेरीज ३५ च्या वर असेल, तोवर जगणं सुसह्य समजावं. घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळे गुण द्यावेत, कारण माया कधी कधी डोळ्यांवर पडदा ओढते.

आकडा घसरतच राहिला, तर डॉक्टरांशी दयामरणाबद्दल मोकळेपणाने बोला. आणि मुलांना 'त्याला गावाला पाठवलं' असं सांगू नका. खरं सांगा, निरोप घेऊ द्या.