अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजे सरकारचे दार कसे ठोठावतात?



परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या नातलगांच्या बोलण्यात ‘कम्युनिटी कॉलेज’ हा शब्द वरचेवर येतो. कोणाची भाची तेथे परिचारिकेचे शिक्षण घेत असते, कोणाचा पुतण्या दिवसा नोकरी करून संध्याकाळी तेथील वर्गाला बसत असतो. आपल्याकडील कनिष्ठ महाविद्यालयाशी या संस्थेचा गोंधळ करू नये. शालेय शिक्षण संपल्यानंतरचे दोन वर्षांचे शिक्षण तेथे मिळते. शुल्क कमी असते, प्रवेशासाठी गुणांची चढाओढ सहसा नसते आणि दोन वर्षांनंतर विद्यापीठाची वाट धरता येते किंवा थेट कामाला लागता येते. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली सुरू झालेले कॉलेज हे या प्रकारच्या सार्वजनिक संस्थांपैकी आज हयात असलेले सर्वांत जुने होय. १९४७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या आयोगाने अशा कॉलेजांचे जाळे देशभर विणावे अशी शिफारस केली आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नावही त्यामुळेच रूढ झाले. आज त्यांची संख्या हजाराच्या वर आहे.

ही गरिबांची, कष्टकऱ्यांची, नव्याने देशात आलेल्यांची कॉलेजे आहेत. हार्वर्डसारखे धनाढ्य माजी विद्यार्थी त्यांच्या पाठीशी नाहीत. तरीही देशाच्या राजधानीत त्यांचे म्हणणे ऐकले जाते. ते कसे, हे समजून घेणे शैक्षणिक संस्था चालविणाऱ्या आपल्या समाजाला उपयोगाचे ठरावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम पैशाची वाट पाहू. या कॉलेजांचा मुख्य खर्च राज्य सरकार, स्थानिक कर आणि विद्यार्थ्यांचे शुल्क यांतून भागतो. वॉशिंग्टनमधील केंद्र सरकारचा पैसा मोठ्या प्रमाणात येतो तो विद्यार्थ्याच्या हातून. गरीब विद्यार्थ्याला परत न फेडावे लागणारे जे अनुदान मिळते, त्याला सिनेटर क्लेबोर्न पेल यांच्या नावावरून ‘पेल अनुदान’ म्हणतात. १९७२ च्या कायद्याने ते सुरू झाले. २०२३-२४ साली त्याची कमाल मर्यादा वर्षाला ७,३९५ डॉलर होती. हे अनुदान कोणाला, किती आठवड्यांच्या अभ्यासक्रमासाठी आणि कोणत्या अटींवर मिळावे हे संसद ठरविते. त्यामुळे कॉलेजांची खरी खटपट देणगी मागण्याची नसते, ती नियमातील शब्द बदलून घेण्याची असते.

हे काम दोन संघटना करतात. १९२० साली स्थापन झालेली ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ कम्युनिटी कॉलेजेस’ ही खुद्द कॉलेजांची संघटना, तर १९७२ सालची ‘असोसिएशन ऑफ कम्युनिटी कॉलेज ट्रस्टीज’ ही त्यांच्या विश्वस्तांची. विश्वस्तांची वेगळी संघटना कशाला, असा प्रश्न पडेल. याचे उत्तर व्यवहारात आहे. पुष्कळ ठिकाणी हे विश्वस्त स्थानिक मतदारांनी निवडून दिलेले असतात. गावातला वकील, दुकानदार, निवृत्त शिक्षिका, कारखान्याचा व्यवस्थापक अशी ही माणसे. असा माणूस आपल्याच मतदारसंघातील संसद सदस्याच्या दारी उभा राहतो, तेव्हा त्याला ओळख करून द्यावी लागत नाही. आणि असे कॉलेज नसलेला मतदारसंघ त्या देशात विरळाच.

दरवर्षी फेब्रुवारी महिन्यात हे विश्वस्त, प्राचार्य आणि काही विद्यार्थी वॉशिंग्टनमध्ये जमतात. या मेळाव्याला राष्ट्रीय विधिविषयक शिखर परिषद म्हणतात. सुरुवातीला त्यांना कोणते विधेयक कोठे अडले आहे हे समजावून दिले जाते. मागण्या मोजक्याच ठेवल्या जातात आणि सर्वांनी त्याच मांडावयाच्या असतात, मग कॉलेज टेक्सासचे असो वा मेनचे. त्यानंतर गटागटाने मंडळी संसद सदस्यांच्या कचेऱ्यांत जातात. तेथे पुष्कळदा सदस्य स्वतः भेटत नाही, पंचविशी-तिशीतला एखादा साहाय्यक वही घेऊन समोर बसतो. (आपल्याकडे एवढ्यावरच शिष्टमंडळ रुसून परतले असते!) परंतु विधेयकाचा मसुदा वाचणारा आणि सदस्याच्या कानी गोष्ट घालणारा तोच असतो, हे या मंडळींना ठाऊक असते. गटातील विद्यार्थिनी आपली हकीकत सांगते, प्राचार्य आकडे देतात आणि विश्वस्त मागणी मांडतात. परतल्यावर पत्र जाते, आणि सदस्य मतदारसंघात आला की त्याला कॉलेजची कार्यशाळा पाहावयास बोलावले जाते.

या खटपटीला ‘लॉबिंग’ म्हणतात. आपल्याकडे या शब्दाला काहीसा काळा वास आहे, आणि तो अगदीच निराधार नाही. अमेरिकेतही पैशाच्या जोरावर कायदे वळविले जातात. मात्र तेथे या कामाला कायद्याची चौकट आहे. १९९५ च्या कायद्यानुसार व्यावसायिक लॉबिंग करणाऱ्यांना नोंदणी करून खर्च जाहीर करावा लागतो, आणि केंद्राकडून मिळालेला अनुदानाचा पैसा या कामी वापरता येत नाही. लूकच्या शुभवर्तमानातील ती विधवा अन्यायी न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा गेली. तिने लाच दिली नाही, ओळखही काढली नाही. तिच्याकडे फक्त चिकाटी होती.

एका शब्दाने काय घडते याचे उत्तम उदाहरण करोनाच्या काळातले आहे. मार्च २०२० मध्ये संसदेने उच्च शिक्षणासाठी सुमारे १४ अब्ज डॉलरची मदत मंजूर केली. ती वाटताना विद्यार्थी ‘पूर्णवेळ’ हिशेबाने मोजावेत असे ठरले, म्हणजे अर्धवेळ शिकणारे दोघे मिळून एक. कागदावर हे न्याय्य दिसते. परंतु कम्युनिटी कॉलेजांतील बहुसंख्य विद्यार्थी नोकरी आणि घर सांभाळून अर्धवेळ शिकणारे. त्यांची संख्या कागदावर एकदम घटली आणि मदतही घटली. कॉलेजांच्या संघटनांनी मागणी लावून धरली की माणशी गणना करा. अर्धवेळ विद्यार्थ्याला अर्धा संगणक पुरत नाही, आणि त्याची नोकरी गेली तर ती अर्धी जात नाही. डिसेंबर २०२० च्या कायद्यात सूत्र बदलले आणि माणशी गणनेला पूर्णवेळ गणनेइतकेच वजन मिळाले. मार्च २०२१ मध्ये आणखी सुमारे ४० अब्ज डॉलर मंजूर झाले, तेही याच बदललेल्या सूत्राने वाटले गेले. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत या बदलाला फारसे स्थान नव्हते.

मथळ्यांत गाजतात त्या मोठ्या घोषणा, आणि त्यांचे नशीब बहुधा निराळे असते. जुलै २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी मिशिगनमधील एका कम्युनिटी कॉलेजात १२ अब्ज डॉलरची योजना जाहीर केली. मार्च २०१० मध्ये प्रत्यक्ष कायद्यात उतरले ते चार वर्षांसाठी २ अब्ज. तेही कामगार खात्यामार्फत, रोजगार प्रशिक्षणासाठी. २०१५ साली त्यांनीच दोन वर्षांचे शिक्षण मोफत करण्याचा प्रस्ताव मांडला, संसदेने तो स्वीकारला नाही. राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी २०२१ मध्ये तो पुन्हा आणला. त्यांच्या पत्नी जिल बायडन स्वतः नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेजात शिकवीत असत. कॉलेजांना याहून जवळचा माणूस राष्ट्राध्यक्षांच्या घरात कोठून मिळणार? तरीही फेब्रुवारी २०२२ च्या त्याच शिखर परिषदेत, त्याच विश्वस्तांसमोर, ही तरतूद विधेयकातून वगळली गेल्याचे सांगण्याची वेळ त्यांच्यावर आली. सत्तेच्या शेजघरापर्यंत ओळख असूनही मते जुळली नाहीत तर काही हाती लागत नाही.

याउलट एक लहानशी मागणी पाहा. पेल अनुदान मिळण्यासाठी अभ्यासक्रम साधारणपणे किमान १५ आठवड्यांचा आणि ६०० तासांचा असावा लागे. मालमोटार चालविणे किंवा रुग्णसेवेतील साहाय्यकाचे काम शिकणे याला पुष्कळदा इतका काळ लागत नाही. परिणामी ज्याला लवकरात लवकर कमावते व्हायचे आहे, त्यालाच अनुदान नाही! ही अट सैल करावी म्हणून कॉलेजे सुमारे दहा वर्षे मागे लागली होती. विधेयके आली, मुदत संपून बाद झाली, पुन्हा आली. विरोधकांचाही मुद्दा खोटा नव्हता. नफा कमावणाऱ्या खासगी संस्था निरुपयोगी प्रमाणपत्रे देऊन गरिबांच्या नावाचा पैसा उचलतील, ही भीती त्या देशाच्या अनुभवातून आलेली आहे. अखेर ४ जुलै २०२५ रोजी कायदा झाला. ८ ते १५ आठवड्यांचे अभ्यासक्रम पात्र ठरले, मात्र किमान ७० टक्के विद्यार्थी शिक्षण पूर्ण करणारे आणि ७० टक्के कामाला लागणारे असावेत, अशा अटींसह. अंमलबजावणीसाठी १ जुलै २०२६ ही तारीख कायद्यातच घालण्यात आली. डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन अशा दोन्ही पक्षांतील सदस्यांनी वेळोवेळी ही मागणी उचलली होती, म्हणूनच सरकार बदलले तरी ती मेली नाही.

आता आपल्या देशाकडे वळतो, कारण भारतातील कम्युनिटी कॉलेजांच्या इतिहासात ख्रिस्तसभेचा वाटा मोठा आहे. १९९५ मध्ये पाँडिचेरी विद्यापीठाने असे कॉलेज काढले आणि पुढच्याच वर्षी मद्रास-मैलापूर महाधर्मप्रांताने मद्रास कम्युनिटी कॉलेज सुरू केले. येशूसंघीय फादर झेवियर अल्फोन्स यांनी चेन्नईत संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभारून शाळा सोडलेल्या तरुणांसाठी ही चळवळ अनेक राज्यांत नेली. विद्यापीठे, राज्य सरकारे, केंद्रीय मंत्रालय अशा पायऱ्या चढत त्यांनी मान्यतेसाठी पाठपुरावा केला आणि पुढे ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे सदस्यही झाले. २००९ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने अशा कॉलेजांसाठी योजना आखली, पण काही वर्षांतच ती गुंडाळली गेली. २०१३ मध्ये केंद्राने स्वतःची योजना आणली. तीत भर होता तो आधीच प्रस्थापित असलेल्या महाविद्यालयांत व तंत्रनिकेतनांत असे अभ्यासक्रम सुरू करण्यावर. मान्यता आणि अनुदान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक मिळाली की दुसरी आपोआप येईल या समजुतीत आपण बहुधा राहतो.

एका धर्मग्रामात असताना शिवण व रुग्णसेवेच्या वर्गासाठी आम्ही एका सरकारी कचेरीला निवेदन पाठविले होते. तीन पाने. पहिल्या दोन पानांत संस्थेचा इतिहास आणि संस्थापकांचे गुणवर्णन होते, मागणी शेवटच्या परिच्छेदात. वर्षभर उत्तर आले नाही आणि आम्हीही पुन्हा लिहिले नाही. पुढे त्याच कचेरीतून निवृत्त झालेल्या एका सद्गृहस्थांनी ते निवेदन वाचले आणि विचारले, “फादर, यात तुम्हांला हवे काय आहे?”