बालकांची रात्रभीती आणि घरातील प्रकाशयोजना : वऱ्हाडातील घरांच्या संदर्भात

प्रस्तावना :
बालकांना अंधाराची भीती वाटणे ही विकासक्रमातील स्वाभाविक अवस्था होय. पीटर मुरिस व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नेदरलँड्समधील पाहणीत ४ ते १२ वर्षे वयाच्या १७६ बालकांपैकी ७३.३ टक्के बालकांनी रात्रीची भीती वाटत असल्याचे सांगितले. आपल्याकडे मात्र 'बागुलबुवा येईल' असे म्हणून हीच भीती मूल झोपविण्याचे साधन बनविली जाते. प्रस्तुत लेखात अमरावती-अकोला परिसरातील घरांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

अंधार, दृष्टी व निद्रा :
ट्यूबलाइट एकाएकी मालवल्यास डोळ्यांना अंधाराशी पूर्णतः जुळवून घेण्यास सुमारे अर्धा तास लागतो. या अवधीत खुंटीवरचा सदरा किंवा खिडकीतील कूलर अस्पष्ट दिसतो आणि उणा तपशील बालकाची कल्पनाशक्ती पुरविते. तथापि रात्रभर प्रखर दिवा ठेवणे हा उपाय नव्हे. कोलोरॅडो विद्यापीठाच्या २०१८ मधील अभ्यासात तासभराच्या प्रखर प्रकाशाने ३ ते ५ वर्षांच्या बालकांतील मेलाटोनिन हे निद्रेशी निगडित संप्रेरक सुमारे ८८ टक्के घटले. अभ्यासात केवळ १० बालके होती, हे लक्षात घेऊनही सावधगिरी इष्ट ठरते.

उपाययोजना :
१) निजण्यापूर्वी प्रकाश टप्प्याटप्प्याने कमी करावा.
२) जुना 'झिरो बल्ब' नावाने शून्य असला तरी सुमारे १५ वॅट वीज घेई, आता अर्ध्या वॅटचा एलईडी दिवा पुरतो. तो निळा वा शुभ्र नसावा, तांबूस-पिवळा असावा.
३) दिवा जमिनीलगत, डोळ्यांआड असावा. त्यापुढे वस्तू ठेवू नये, अन्यथा भिंतीवर मोठी सावली पडते.
४) शौचालय अंगणापलीकडे असल्यास वाटेवर दिवा व मुलाच्या हाताला येईल असे बटण असावे.
५) भारनियमनाचा काळ वऱ्हाडाने अनुभवला आहे, वादळवाऱ्यात वीज आजही जाते. म्हणून उशाशी चार्जिंगची बॅटरी असावी.

समारोप :
प्रकाशावर आपले नियंत्रण आहे, ही जाणीव बालकास धीर देते. परंतु दिवा पालकांच्या सहवासाची जागा घेऊ शकत नाही. भीतीमुळे झोप व शाळा दीर्घकाळ बाधित होत असल्यास तज्ज्ञांचा सल्ला घेणे आवश्यक ठरते.